बिघाड कुठे आहे, ते आधी यंत्रालाच विचारा

दिवाळी चार दिवसांवर आली होती. सकाळी सकाळी इंदूरहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. आवाज रडवेला.

"दादा, कॉम्प्युटर गेला रे."

"गेला म्हणजे काय झालं?"

"गेला म्हणजे गेला. बटण दाबलं की पडदा काळा. दुकानातला मुलगा येऊन बघून गेला. म्हणाला, दीदी, मदरबोर्ड उड़ गया. साडेसात हजार लागतील, आणि फॉरमॅटही मारावा लागेल. उद्या घेऊन जाणार आहे."

माझी ही बहीण घरी आठवी ते दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. अकरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सोडवलेली उदाहरणे, भूमितीच्या आकृत्या, फीचा हिशेब, सगळे त्या एका यंत्रात. दुसरी प्रत कुठेही नाही. का नाही, असे मी विचारले नाही. वाचकहो, तुमच्या-माझ्या घरातही बहुधा नसतेच.

आता त्या मुलाने सांगितलेल्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहा. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर बाकीचे सगळे भाग बसवलेले असतात ती मोठी पाटी. फॉरमॅट म्हणजे हार्डडिस्क पुसून कोरी करणे. या दोहोंचा एकमेकींशी संबंध काय? घरातली वीज गेली म्हणून वायरमनला बोलवावे आणि त्याने म्हणावे, मेन स्विच जळलाय, आणि शिवाय कपाटातली पुस्तके रद्दीत घालावी लागतील, त्यातलाच हा प्रकार. मदरबोर्ड बदलल्यावर कधी कधी विंडोज नव्याने घालावे लागते, हे खरे. पण त्याआधी डिस्कवरचा मजकूर दुसरीकडे उतरवून घेता येतो. 'फॉरमॅट मारावा लागेल' हे वाक्य दुरुस्तीवाल्याच्या सोयीचे आहे. त्याचा वेळ वाचतो. जाते ते आपले.

"उद्या त्याला देऊ नकोस," मी म्हणालो. "आणि आता यंत्राजवळ जा. बटण दाबल्यापासून काय काय होतं, ते मला क्रमाने सांग."

कुठपर्यंत पोचला?

कॉम्प्युटर 'सुरू होत नाही' ही तक्रार म्हणजे 'बरं वाटत नाही' असे डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे. ताप आहे, की पोट दुखते, की चक्कर येते? बटण दाबल्यापासून आपल्यासमोर चित्र येईपर्यंत कॉम्प्युटर एकामागून एक अशा ठरलेल्या पायऱ्या चढत असतो. तो कोणत्या पायरीवर थांबला ते कळले, की बिघाड कुठल्या भागात शोधायचा ते निम्मे कळले. त्यासाठी स्क्रूड्रायव्हर लागत नाही. डोळे आणि कान पुरतात.

पहिली पायरी विजेची. बहीण म्हणाली, "पंखा फिरतोय, पुढचा दिवाही लागलाय." म्हणजे ही पायरी तर ओलांडली होती. पंखाच फिरला नसता, तर मी तिला काही अगदी बाळबोध वाटणारे प्रश्न विचारले असते. स्पाइकगार्डचे बटण चालू आहे का? यूपीएस चालू आहे का? डब्याच्या मागच्या बाजूला, जिथे जाड वायर घुसते तिथे, एक छोटा स्विच असतो, तो साफसफाईत कुणाच्या हाताने बंद झाला आहे का? हसू नका. या प्रश्नांच्या उत्तरात मिटलेली 'मोठी दुरुस्ती' मी अनेकदा पाहिली आहे.

(या डब्याला आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणतात. खरे तर सीपीयू म्हणजे आतला बिस्किटाएवढा प्रोसेसर. डब्याचे नाव कॅबिनेट. दुकानात 'सीपीयू खराब झाला' म्हणून सांगितलेत तर समोरचा काय समजेल याचा नेम नाही.)

डब्यात शिरलेली घरातली २३० व्होल्टची वीज एसएमपीएस नावाच्या लोखंडी पेटीत जाते. तिथे तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट होतात. हे दाब ठीक जुळले की एसएमपीएस मदरबोर्डला तसा इशारा देतो आणि मगच पुढचा कारभार सुरू होतो. पंखा क्षणभर फिरून थांबणे, पुन्हा पुन्हा आपोआप बंद-चालू होणे, जळका वास येणे, ही लक्षणे दिसली की पहिला संशय या पेटीवर घ्यावा. मदरबोर्डच्या मानाने ती स्वस्त असते आणि बदलायला सोपी. मात्र ती उघडून पाहण्याचा उद्योग घरी कुणी करू नये. वायर काढून ठेवल्यानंतरही तिच्यात जोरदार झटका देण्याइतकी वीज काही काळ साठून राहते.

जाता जाता एक सांगून टाकतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील, तर त्यात कॉम्प्युटरचा दोष नसतो. घराच्या प्लगला अर्थिंग नाही, असा त्याचा अर्थ. त्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि आजच बोलवा.

डबा ओरडतो

"पंखा फिरतो, मग काय होतं?"

"मग तो ओरडतो."

"कोण ओरडतो?"

"डबा. ऐक." तिने मोबाइल खाली धरला. पीऽऽप. जरा थांबून पुन्हा पीऽऽप. लांब, एकसारखे सूर. बराच वेळ.

"यूपीएस नाही ना ओरडत?" मी विचारले. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण यूपीएसची बॅटरी संपत आली की तोही असाच ओरडतो आणि लोक कॉम्प्युटर उघडून बसतात. तिने यूपीएसला कान लावला. तो गप्प होता.

"दुकानातल्या मुलाने हे ऐकलं का?"

"ऐकलं ना. म्हणाला, मदरबोर्ड गेला की असाच ओरडतो."

मला हायसे वाटले. मदरबोर्ड पुरता गेला असता, तर ओरडायला त्याला तोंडच उरले नसते!

त्याचे असे आहे. वीज मिळाली की प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायम लिहून ठेवलेला छोटा प्रोग्राम चालवू लागतो. या प्रोग्रामचे जुने नाव बायोस, नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. तो सर्वप्रथम स्वतःच्याच घराची झडती घेतो. मेमरी आहे का, ती नीट लिहिते-वाचते का, चित्र दाखवणारा भाग आहे का, कीबोर्ड आहे का. या झडतीला 'पॉवर ऑन सेल्फ टेस्ट' किंवा आद्याक्षरांवरून 'पोस्ट' म्हणतात. पत्रांशी तिचा संबंध नाही, पण निरोप मात्र तीही देते.

गंमत अशी, की पडद्यावर अक्षर उमटवायचे तर आधी मेमरी आणि चित्र दाखवणारा भाग ठीक असावा लागतो. तोच नादुरुस्त असेल तर बिघाड सांगायचा कसा? म्हणून सूर. सूर ऐकू येतो आणि पडदा काळा, याचा अर्थ बिघाड चित्र येण्याच्या आधीच्या पायरीवर आहे. हार्डडिस्क, विंडोज, व्हायरस यांचा प्रश्नच अजून आलेला नाही. फॉरमॅटचा तर नाहीच नाही.

ही पद्धत घरगुती कॉम्प्युटरच्या जन्माइतकी जुनी आहे. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हाही तो सुरू होताना एक छोटा सूर काढी. अर्थ, सर्व क्षेम. चित्र आल्यानंतरचे बिघाड तो आकड्यांत सांगे. २०१ म्हणजे मेमरी, ३०१ म्हणजे कीबोर्ड. पुढे हार्डडिस्क आल्यावर तिच्यासाठी १७०१ आला. त्या पिढीतल्या यंत्रांचा एक निरोप तर विनोद म्हणून अजरामर झाला आहे. कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा! कीबोर्डच नाही तर एफ-१ दाबायचा कशावर, हे लिहिणाऱ्याला सुचले नसावे.

अडचण एवढीच, की या सुरांची भाषा सर्व कंपन्यांची एक नाही. अ‍ॅवॉर्ड नावाच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड सूर म्हणजे चित्र दाखवणाऱ्या कार्डाची तक्रार. एएमआयच्या जुन्या बायोसमध्ये तीच तक्रार आठ आखूड सुरांत येई. म्हणून सूर मोजावेत, लांब की आखूड ते कागदावर लिहावे आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत अर्थ पाहावा. पुस्तिका हरवली असेल, आणि ती हरवलेलीच असते, तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या नावावरून ती मिळते.

आजकालच्या अनेक मदरबोर्डांना तो छोटा स्पीकर जोडलेलाच नसतो. त्याऐवजी काहींवर कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी त्यांच्याजवळ अक्षरे असतात. जो दिवा लागून राहिला, तिथे गाडी अडली. लॅपटॉपमध्ये बहुधा चार्जिंगचा किंवा कॅप्सलॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. तोही मोजावा.

दिवाळीची साफसफाई

लांब लांब सूर, पुन्हा पुन्हा. पुष्कळ यंत्रांत याचा अर्थ मेमरी सापडत नाही, म्हणजेच रॅम. मी बहिणीला विचारले, "गेल्या दोन-चार दिवसांत यंत्र हलवलं होतं का?"

क्षणभर शांतता. मग मागून भाच्याचा आवाज आला, "मामा, मी परवा ब्लोअरने साफ केलं. आईनेच सांगितलं होतं."

दिवाळीची साफसफाई! कॅबिनेट टेबलावरून उतरवायचे, आडवे करायचे, ब्लोअरचा झोत सोडायचा, फडके मारायचे. दरवर्षी नवरात्रापासून दिवाळीपर्यंत किती रॅमच्या पट्ट्या अशा जागच्या हलत असतील! रॅमची पट्टी तिच्या खाचेत दोन्ही बाजूंनी घट्ट बसलेली असते. तिच्या खालच्या काठावर सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्यांची रांग असते. त्यातल्या एकीचा जरी स्पर्श सुटला, तरी यंत्राच्या लेखी मेमरी नाही. धूळ हे एक कारण. दमट हवा हे दुसरे. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यानंतर हा बिघाड आपोआपही होतो, कुणी हात न लावता.

भाचा नववीत आहे. त्याला फोनवर एकेक करून सांगितले ते असे. आधी मुख्य स्विच बंद कर आणि मागची वायर काढून टाक. मग समोरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धर, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. लोकरी सतरंजीवर बसू नकोस. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लाव, म्हणजे अंगावरची स्थिर वीज रॅममध्ये जाणार नाही. आता आतल्या उभ्या पट्ट्या दिसतात का? त्यांच्या टोकाची क्लिप बाहेर ढकल, पट्टी वर येईल. काठाला धरून उचल, सोनेरी भागाला बोट लावू नकोस.

आपल्याकडचे मेकॅनिक इथे खोडरबर काढतात. उपाय लागू पडतो, पण जोरात घासले तर मुलामाच निघतो आणि रबराचे कण खाचेत अडकतात. घासायचेच असेल तर मऊ खोडरबर, हलका हात आणि मदरबोर्डपासून लांब. त्याहून चांगले म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड. पुरते वाळू द्यायचे. मग पट्टीची खाच आणि जागेवरचा उंचवटा जुळवून ती सरळ खाली दाबायची. क्लिप 'टक्' करून मिटली, की बसली. उलटी बसत नाही, म्हणून जबरदस्ती करायची नाही.

पट्ट्या दोन असतील तर आधी एकच लावून पाहावी, मग दुसरी. एकीने चालते आणि दुसरीने चालत नाही असे झाले, तर बिघाड नेमका हातात आला.

(नवे यंत्र घेतलेल्यांसाठी एक सूचना. डीडीआर-५ जातीची रॅम असलेले यंत्र पहिल्यांदा सुरू करताना, किंवा रॅम बदलल्यावर, काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. ते मेमरीशी जुळवून घेत असते. घाबरून बटण बंद करू नका, चहा करून या.)

पाच मिनिटांनी इंदूरहून आरडाओरडा ऐकू आला. "आलं! पडद्यावर आलं!" साडेसात हजार वाचले होते. मीही फोन ठेवण्याच्या बेतात होतो.

"थांब हं," बहीण म्हणाली, "एफ-१ दाबते. मग विंडोज येईल."

"एफ-१ का दाबतेस?"

"रोजच दाबावा लागतो. दोन वर्षं झाली."

एफ-१ची सवय

आता मात्र मला खुर्चीत नीट बसावे लागले. "दाबू नकोस. पडद्यावर काय लिहिलंय ते अक्षर अन् अक्षर वाच."

पहिली ओळ होती, तारीख आणि वेळ लावलेली नाही. हे अपेक्षित होते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो. सीआर २०३२ हे त्याचे नाव, तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद. यंत्र बंद असतानाही आतले घड्याळ त्यावर चालू राहते. १९८४ मध्ये आयबीएमच्या एटी या यंत्रात असे बॅटरीवरचे घड्याळ आले, आणि त्या बॅटरीच्या तक्रारीचा आकडा होता १६१. सेल काही वर्षांनी संपतो. संपला तरी यंत्राची वायर चालू प्लगमध्ये असेपर्यंत घड्याळ टिकते, कारण एसएमपीएस त्याला थोडी वीज पुरवत राहतो. पण आपल्या घरांत रात्री मुख्य बटण बंद करण्याची चांगली सवय असते. मग घड्याळ रोज रात्री मरते आणि रोज सकाळी यंत्र तक्रार करते. आपण एफ-१ दाबतो.

तारीख मागे गेली की बँकेचे संकेतस्थळ 'हे सुरक्षित नाही' म्हणून उघडायला नकार देते, हाही याच सेलचा प्रताप. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात. सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो.

"दुसरी ओळ आहे का?" मी विचारले.

"आहे ना. स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस."

"ही ओळ कधीपासून येते?"

"माहीत नाही रे. मी वाचतच नाही. येतं आणि मी एफ-१ दाबते."

हार्डडिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवत असते. किती जागा वाचता येईनाशा झाल्या, किती जागांच्या बदली राखीव जागा वापराव्या लागल्या, वगैरे. या व्यवस्थेचे नाव स्मार्ट. नोंदी धोक्याच्या रेषेपलीकडे गेल्या की सुरू होताना हा निरोप येतो. त्याचा सरळ मराठी अर्थ असा, की मी आता फार दिवसांची सोबतीण नाही, माझ्याजवळचे काय ते उतरवून घ्या. आणि माझी बहीण त्या निरोपावर, नाण्याएवढ्या सेलमुळे लागलेल्या सवयीने, किती महिने एफ-१ दाबत होती कोण जाणे. रॅम हलली नसती, तर मला कधी कळलेही नसते.

मेकॅनिकने पडदा सुरू करून पाहिलाच नव्हता, तेव्हा त्याला ही ओळ दिसलेली नव्हती. त्याने मदरबोर्ड बदलला असता, हीच आजारी डिस्क फॉरमॅट केली असती आणि पुन्हा तिच्याच गळ्यात बांधली असती.

डिस्क आजारी असेल तेव्हा

इथे घाई करायची ती एकाच गोष्टीची, प्रत काढण्याची. 'चेकडिस्क'सारखा दुरुस्तीचा प्रोग्राम आधी चालवू नये. तो पूर्ण डिस्क तासन्तास खरवडतो आणि मरणोन्मुख डिस्कला तो ताण सोसत नाही. पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नये. जे दुसरीकडून मिळणार नाही ते आधी उतरवावे, म्हणजे आपले लेखन, हिशेब, फोटो. विंडोज आणि बाकीचे प्रोग्राम पुन्हा मिळतात.

डिस्कमधून 'टक् टक्' असा ठरावीक ठेक्यात आवाज येत असेल, तर तेवढेही करू नये. यंत्र बंद करावे. आतले वाचणारे टोक जागा चुकत असते आणि चालू ठेवाल तितका वेळ नुकसान वाढत जाते. त्या डिस्कवर घराचे काही मोलाचे असेल, तर डेटा काढून देणाऱ्या खास लोकांकडेच द्यावी. ते महाग असते. हल्लीच्या एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ती आवाजही करत नाही. पुष्कळदा आदल्या रात्री ठणठणीत असलेली एसएसडी सकाळी ओळखच देत नाही.

'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा जुन्या यंत्रांवरचे 'डिस्क बूट फेल्युअर' हे निरोप आले म्हणून डिस्क मेलीच, असे मात्र समजू नये. (हा 'बूट' पायातलाच. स्वतःच्या बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलायचे, या इंग्रजी कल्पनेवरून तो शब्द आला.) यंत्राला पोर्टमध्ये विसरलेला पेनड्राइव्ह आधी सापडतो, त्यात विंडोज नसते आणि ते तक्रार करते. आधी पेनड्राइव्ह काढून पाहा. मग बायोसच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसते का पाहा. नाव दिसत असेल, तर बिघाड बहुधा डिस्कवरच्या मजकुरात आहे. नावच नसेल, तर तिची केबल निघाली आहे किंवा डिस्क खरोखर गेली आहे. अशा वेळी डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहता येते.

निळा पडदा

विंडोजचे चित्र येऊ लागले आणि मग अडले, तर सुरुवातीच्या सगळ्या पायऱ्या पार पडलेल्या असतात. निळा पडदा दिसला (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला आहे) की लोक यंत्राला दोष देतात. दोष यंत्राचा असतोही, रॅमची एखादी जागा खराब असली तर असे होते. पण १९ जुलै २०२४ या दिवसाची आठवण ठेवावी. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रोग्रामची एक सदोष फाइल जगभर पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर सुरू होताना कोलमडू लागले. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या ८५ लाखांत बिघडलेला सुटा भाग एकही नव्हता. ती एक फाइल काढून टाकली की यंत्र चालू.

नवे लॅपटॉप वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आजच पाहून ठेवावी. अनेक यंत्रांत डिस्कवरचा मजकूर बिटलॉकरच्या कुलपात असतो आणि मालकाला ते ठाऊक नसते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही फिरवले, की यंत्र ४८ आकडी किल्ली मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. ती कागदावर उतरवून कपाटात ठेवा. किल्ली नाही तर मजकूरही नाही, मग डिस्क कितीही चांगली असो.

दुकानात जाताना

सगळेच घरी जमणार नाही, आणि जमवण्याचा हट्टही नको. लॅपटॉपची बॅटरी फुगून कीबोर्ड वर आला असेल, तर तो दाबून बसवू नका आणि चार्जही करू नका, सरळ दुकानात न्या. मदरबोर्डवरच्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली, तर मदरबोर्ड गेल्याचे निदान बरोबर असू शकते. सगळे मेकॅनिक फसवतात असे माझे म्हणणे नाही. दिवसाला वीस यंत्रे पाहणाऱ्याला घाई असते एवढेच.

पण जाताना तयारीने जा. पडद्यावरच्या निरोपाचा मोबाइलवर फोटो काढा. सूर असतील तर ते मोबाइलमध्ये भरून घ्या. 'चालत नाही' म्हणण्याऐवजी 'पंखा फिरतो, तीन सूर येतात, चित्र येत नाही' असे सांगा. समोरच्याचा सूर लगेच बदलतो. डिस्कला हात लावण्याआधी मला विचारा, असे पावतीवर लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. 'बहुत पुराना है, नया ले लो' हा सल्ला मिळेलच. विंडोज १० ची नेहमीची मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, हे खरे. इंटरनेटवर व्यवहार करणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा. पण त्यामुळे कॉम्प्युटर सुरू होत नाही असे कधी होत नाही. तो वेगळा निर्णय आहे, शांतपणे घ्यायचा.

इंदूरला त्या दिवशी फराळाचे बाजूला राहिले. घरात एक जुना पेनड्राइव्ह निघाला. अकरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका म्हणजे नुसती अक्षरे, त्यांना जागा ती किती लागणार. आधी दहावीच्या, मग नववीच्या, मग हिशेब, असा क्रम लावून भाचा बसला. रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. बहुतेक सगळे उतरले होते. एक फोल्डर मात्र काही केल्या वाचले जाईना. त्यात २०१७ आणि २०१८ च्या भूमितीच्या आकृत्या होत्या, एकेक रेघ बहिणीने हाताने काढलेली. डिस्क दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पडली आणि पुन्हा ओळख देईना.

नवी एसएसडी आणि नवा सेल मिळून साडेसात हजारांच्या पुष्कळ खाली काम झाले. त्या आकृत्यांचे छापील कागद एका जुन्या विद्यार्थिनीकडे निघाले. तिच्या आईने ते रद्दीत घातले नव्हते. सध्या शिकवणी संपल्यावर बहीण त्यावरून रोज दोन आकृत्या पुन्हा काढते आहे.